पक्का रंग

माजालायाच्या गिरणीत एकतीस वर्षं
कोसासिहची एकच बढाई:
माझा निळा उन्हाला भीक घालत नाही.

खरंच होतं ते.
चितारुमलाही तो कधी सुटला नाही.

आज छपरावर काचेचं भांडं,
त्यात चिमूटभर पांढरी पूड
आणि त्याचाच निळा.
दर अर्ध्या तासानं इमास
नळीत थेंब घेते, वहीत आकडा टिपते.
बापाशी बोलत नाही.

दोनच्या सुमारास
भांड्यापलीकडे, दोरीवरचा
त्याचा गंजीफ्रॉक दिसू लागला.

"गेला?"
"रंग गेला. बाकीचं अजून मोजायचंय."

त्यानं बोट बुडवून पाहिलं.
नखातला निळा होता तिथंच.

मग स्टूल ओढून बसला,
भांड्यावर आपली सावली पडणार नाही
अशा बेतानं.