परतीची चढण

दर गुरुवारी सकाळी नऊला मी देओलिंदाच्या पायांशी बसते.
मातोझिन्योशच्या गल्लीतला तिसरा मजला.
खिडकीतून बंदरातल्या क्रेनची मान दिसते,
समुद्र दिसत नाही, त्याचा नुसता वास येतो.
मागच्या आठवड्याची पट्टी मी कात्रीनं कापते.
आत, घोट्याच्या वर, नाण्याएवढी जखम,
दोन वर्षं न मिटलेली.

अंगठ्यानं नडगीवर दाबते. खळगा पडतो,
कणकेत बोट रुतावं तसा.
मोजते. चाळीस झाले तरी तो तिथेच.

"हृदय चांगलंय म्हणतात माझं," ती म्हणते,
"मग रक्त वर का जात नाही?"

मी सांगते. पुस्तकातलं नाही,
इतक्या पायांशी बसून कळलं ते.
निघताना रक्ताला ढकलणारं कुणीतरी असतं.
रोहिणीतून ते उड्या मारत जातं,
मनगटावर बोट ठेवलं तरी त्याची घाई कळते.
परततं तेव्हा मागे कुणी नाही.
नीला पातळ भिंतीची. तिला ठोका नाही,
वैद्यसुद्धा नाडी बघतात ती रोहिणीची.
तिच्या वाटेनं टाचेपासून छातीपर्यंत चढण,
आणि चढणारं रक्त काळवंडलेलं,
होतं नव्हतं ते वाटून आलेलं.
एक पायरी चढलं की मागे झडप मिटते,
दोन पापण्या मिटाव्यात तशी.
ती वर ओढत नाही. घसरू देत नाही, इतकंच.
बाकीचं पोटरी करते: तू पाऊल टाकलंस की आवळते, पिळते.
आणि श्वास घेतलास की छाती जरा सरकून बसते,
येणाऱ्याला जागा करून.

"आणि पाऊल टाकलंच नाही तर?"

तर ते उभं राहतं.
त्याचा भार खालच्या झडपेवर, तिचा तिच्या खालचीवर.
एके दिवशी पापणी मिटत नाही.

ती हसते.
"एकतीस वर्षं," म्हणते.
भोंगा झाला की पळायचं, पहाटेचे तीन असोत की चार,
बोटी लागल्यावर सार्डिन कुणासाठी थांबत नाही.
संगमरवरी टेबलाशी उभं राहून
मुंडकं उडवायचं, डबीत रचायचं,
एकीची शेपटी इकडे, दुसरीची तिकडे.
मुकादम फरशीवर खडूनं चौकोन आखायचा.
पाय बाहेर गेला की अर्ध्या तासाची मजुरी गेली.

शेजारच्या चौकोनात एर्मेलिंदा.
तिच्या टाचा कधी थांबल्या नाहीत.
लाकडी तळाचे जोडे, टक टक, वर खाली,
मुकादम आवाज शोधत फिरायचा,
पण पाऊल कुठे चौकोनाबाहेर होतं?
"आम्ही हसायचो. म्हणायचो, हिला मुतायला लागलीय.
ब्याऐंशीची आहे आता. पोटऱ्या बघ जाऊन तिच्या.
बाजाराची चढण पिशवी घेऊन चढते, सटवी."

मग जरा वेळानं,
"मला कुणी सांगितलं का नाही?"
याचं औषध माझ्या पिशवीत नसतं.

पट्टी बोटांपासून सुरू करते, नेहमी बोटांपासून.
टाच, घोटा. खाली घट्ट, वर जराशी सैल,
म्हणजे वाट वरच मोकळी राहते.
"अजून आवळ," ती म्हणते. मी आवळत नाही.
फडताळावर मुलाचा फोटो. लक्झेंबर्गला प्लास्टर करतो.
दर ऑगस्टला यायचा.
त्याच्याविषयी आज आम्ही बोललो नाही.

पलंगाखालून तिनं जुने लाकडी जोडे काढलेत.
भात शिजेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलते.
खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात मला अडवते:
ही टक टक कसली सुरू झालीय?

या गुरुवारी पुन्हा अंगठा दाबला.
खळगा भरत आला तेव्हा मी एकवीसवर होते.
"एकोणीस," देओलिंदा म्हणाली,
"तू भलतीच भरभर मोजतेस."