ओलाव्यापासून दूर ठेवावे

कुष्टा वेळीप दुकानात आला
तो चिठ्ठी घेऊन नव्हे, खोका घेऊन.
आत चंदेरी पाकिटं. लेकीनं धाडलेली, स्विंडनहून,
लोकरीचे मोजे आणि चीजच्या डब्याबरोबर.
"बाये, हें कित्याक?"

चष्मा कपाळावरून खाली घेतला.
मुंगीएवढ्या अक्षरांत तीन गोष्टी :
मूड, लिव्हर, सांधे.
गोळी एकच, चिंचोक्याएवढी.

"लिव्हर म्हणजे काळीज," मी म्हटलं.
"आनी हें पयलें?"
मनःस्थिती म्हणावं, तर तो शब्द फॉर्मवरचा,
तो कुणाला दुखत नाही.
शोधता शोधता माझ्या तोंडात
पुन्हा काळीजच आलं.
कुष्टा हसला. "म्हणजे एकच वस्तू दोनदा छापली.
पैसे मात्र दोनांचे लावले असणार."

सांधे समजवावे लागले नाहीत.
डावा गुडघा त्यानं काउंटरला टेकवला,
जामीनदार दाखवावा तसा.
खाणीपासून कापशाच्या जेटीपर्यंत दिवसाला अकरा खेपा,
एका खेपेत क्लच किती वेळा,
हा हिशेब कंपनीनं ठेवला नाही
आणि गुडघ्यानं सोडला नाही.

मग खाणी बंद. टिपर फणसाखाली.
आधी टायरांतली हवा गेली, मग तिथं मुंग्या राहायला आल्या.
मार्च ते मे उर्राक,
उरलेलं वर्ष फेणी.
रिपोर्ट मीच वाचून दाखवला होता,
आकड्यांपुढचे बाण सगळे वर.
मडगावच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलेली पांढरी गोळी
तो इथूनच नेतो, वर्षभर,
पिशवीत तिच्यावर खोकल्याची बाटली ठेवून.
त्याला खोकला नाही.

"ही आणि ती एकदम नको," मी म्हटलं,
"आधी बाईंना विचार. मी नुसती विकते."
तेही खोटंच, ही तर मी विकतही नाही.
"आणि पाकीट आधीच फोडू नकोस,
ओलाव्यापासून दूर ठेवावे, असं लिहिलंय."
तो रस्त्याकडे बघत राहिला.
"कुडचड्यांत, बाये?"
जिथं मीठ डब्यात रडतं,
काडेपेटी उन्हात घालावी लागते,
आणि देवाच्या तसबिरीला
काचेच्या आतून बुरशी येते.

तीन आठवड्यांनी परत.
सगळ्या गोळ्या सोलून त्यानं
टिपरच्या कप्प्यात ठेवल्या होत्या, लायसन्सशेजारी.
घरात ठेवल्या तर बायको शोधून काढते, म्हणाला.
पिवळट, एकमेकींना चिकटलेल्या,
वास गंधकासारखा.
"बाईंना विचारलंस?"
"विचारूंक ना."
"मग एकही घेतली नाहीस?"
मान हलवली. मग जरा वेळानं :
रविवारी तिचा फोन येतो.
पपा, घेतलीस? घेतली.
बरं वाटतं? वाटतं.
"आणि वाटतं हां बाये, खरंच.
ती विचारते तेवढा वेळ."

मी तो लगदा कागदात गुंडाळला
आणि मुदत संपलेल्यांच्या खोक्यात टाकला.
नोंदवहीत काय लिहायचं कळेना.
नग लिहावेत तर मोजता येत नव्हते.

काल त्याची बायको आली, प्रेमावती,
गुडघ्याचं मलम मागायला.
पैसे काढता काढता सांगू लागली :
"राती न्हिदेंत ताचो दावो पांय हालता.
दाबता, सोडता. दाबता, सोडता.
उठवत नाही मी. पायावर हात ठेवून बसते.
कधीतरी चढ संपतो."

मलमाचे पासष्ट.
तिच्याकडे शंभराची नोट, माझ्याकडे सुटे नाहीत.
असू दे म्हटलं,
कुष्टा मंगळवारी येईलच
खोकल्याची बाटली न्यायला.