हाडांचं वय

ताल्काउआनोच्या बंदराजवळ आमचं हॉस्पिटल.
रात्री दीडला पोराला आणलं,
मनगट सुजून पावासारखं,
कपड्यांना सार्डिनचा वास, तोंडाला वाइन-कोलाचा.
कागदावर नाव: इसाईआस मेल्यादो.
वय: अकरा.
मी कागदाकडे पाहिलं, मग वर त्याच्याकडे.
मिसरूड फुटलेली, खांदे जाळं ओढणाऱ्याचे,
माझ्यापेक्षा वीतभर उंच.

'सगळे असंच बघतात,' आई म्हणाली
आणि प्लास्टिकच्या पिशवीतून जन्मदाखला काढला.
दर शनिवारी मॅचला घेऊन जाते म्हणे.
पलीकडचा कोच तिसऱ्याच मिनिटाला ओरडतो,
हा मोठा आहे, कागद दाखवा.
कोपऱ्यावरचा दुकानदार मात्र
कधीच कागद मागत नाही.
सिगारेट देतो, सुटे मोजून परत देतो,
वर अहो-जाहो करतो.

धक्क्यावरची सतरा-अठराची पोरं
त्याला आपल्यातला धरतात.
बाटली फिरत फिरत त्याच्यापाशी येते
तेव्हा तिला तरी कुठे ठाऊक,
या हाताने आज सकाळी शाळेत
ज्वालामुखी रंगवलाय,
आणि लाल संपला म्हणून लाव्हा केशरी.

आज त्या उंच दगडावरून उडी मारायची होती.
चौघं नको म्हणाले.
याचा आवाज फुटलाय,
पण 'नको' अजून जुन्या, बारीक आवाजातच होतं,
आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

माझी आई वाढत्या अंगाचे कपडे शिवायची.
बाही चार बोटं जास्त, आत दुमडून टाके घातलेले.
म्हणायची, भरेल हळूहळू.
या पोराचं अंगच वाढत्या अंगाचं शिवून आलं,
दुमड घालायला कुणाला सवड झाली नाही.

'श्वास धर,' मी म्हटलं. त्याने डोळेही मिटले.
प्लेट उजळली.
डॉक्टर म्हणाले, मोड साधी आहे, पण हाडं बघ,
ही चौदाची आहेत.
म्हणजे उंची लवकर थांबेल.
वर्गाच्या फोटोत आज मागच्या रांगेत मधोमध,
काही वर्षांनी हेच सगळे याला ओलांडून जातील.
हे याला सांगायचं कुणी, ते डॉक्टर बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही. बाहेर आणखी दोघं थांबले होते.

मुलांच्या वॉर्डात पलंग आखूड.
पाय बाहेर आले, तशी नर्सने खुर्ची लावली,
तिच्यावर उशी.
मी प्लेटा ठेवून निघाले तर मागून हाक आली,
आधी जाड, मग मध्येच चिरकलेली:
'दिवा राहू द्याल?'

राहू दिला.
बाकावर आई दाखल्याची घडी घालत होती,
सावकाश, नेहमीच्याच रेघेवर.
तिथे तो आता फाटायला आलाय.