बेलची नोंद

धरणगावच्या जिनिंगात एकोणीस वर्षं
मी एकच शब्द इंग्रजीत लिहीत आलो :
बेल.
एकशे सत्तर किलो, दोनेक किलो इकडेतिकडे.
वर सुती कापड, त्यावर पट्ट्या,
पोटावर नंबर.
हमाल गाठ म्हणतात, शेठ बेल म्हणतात,
काटा दोघांचंही ऐकत नाही.

काल जेवणाच्या सुट्टीत कोकिळामावशी
टेबलापाशी येऊन उभ्या.
पापण्यांवर रुई तशीच.
"भाऊ, वकील सांगस, मना पोऱ्याले बेल भेटी.
बेल म्हंजे... आपलीच ना?"

मी पेनाला टोपण लावलं.
हिलालला बुधवारी उचललं.
बसस्टँडवरच्या मारामारीत तो नुसता बघत होता,
असं मावशींचं म्हणणं.
पोलिसांचं वेगळं.
आणि या बाईनं बावीस हंगाम पाहिलंय
बेल म्हणजे काय ते :
फुललेलं, मोकळं, वाऱ्यावर जाऊ बघणारं काहीतरी
पेटीत लोटायचं,
वरून दाबायचं, अजून दाबायचं,
मग बांधायचं.

"ती नाही मावशी. ही सोडवायची बेल.
आवाज एकच, अक्षर वेगळं."
"कितलं वेगळं?"

जुन्या चलनाच्या पाठीवर
दोन्ही शब्द लिहिले, एकाखाली एक.
हा गाठीचा, याच्या शेवटी ई.
हा कोर्टाचा, याच्या मधे आय.
त्यांनी बोट ठेवलं.
"मधमा आय शे?"
हो.
"आय मधमा पडनी, म्हनीसन सुटस."
व्याकरण मी एवढंच शिकलो होतो,
तेही उलट्या बाजूनं.

मराठीत सांगायला गेलो : जामीन.
त्यांना ऐकू आलं जमीन.
"जमीन कथाईन आनू भाऊ?"
जमीन नाही हो, जामीन, म्हणालो,
आणि तिथंच जीभ अडली.
जामीनदाराला सातबारा लागतो.
एका कान्याचा फरक,
तो तलाठ्याच्या कचेरीत पुसून जातो.

माझ्या नावावर पाऊण एकर आहे, तिघा भावांत.
मी अजून काही बोललो नाही.

भोंगा झाला.
मावशींनी चलन मधोमध फाडलं,
वरचा शब्द माझ्या रजिस्टरावर ठेवला,
खालचा पदराच्या टोकात घेतला
आणि त्याला गाठ मारली,
घट्ट,
दातांनी ओढून.