कोपरा तिसरा

निपाणीत, तंबाखूच्या जुन्या वखारीत,
जिथं फरशीच्या फटींतून अजून शिंक येते,
आम्ही एकोणीस जण भविष्य मांडायला बसलो.
"ज्योतिष नाही हे," कामत मॅडम आधीच म्हणाल्या,
"काय होणार ते विचारू नका.
काय काय होऊ शकतं ते बघा."
आणि फळ्यावर दोन रेघा ओढल्या, एकमेकींना छेदत.
आडवी पाण्याची: कमी, जास्त.
उभी मदतीची: जवळ, लांब.
साल दोन हजार पंचेचाळीस.

नूरजहाँ मुल्लानं नाक पुसत विचारलं,
जवळ म्हणजे कुठनं जवळ?
बेंगळुरूहून का मुंबईहून?
सगळे हसलो. मॅडमही हसल्या,
आणि तो प्रश्न पिवळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावला.
डिंक खोटा होता. जेवणापर्यंत तीनदा पडली चिठ्ठी,
तीनदा कुणीतरी उचलून लावली.

माझ्या वाट्याला तिसरा कोपरा आला:
पाणी जास्त, मदत लांब.
सोबत अग्निशामकचे भरमाप्पा नेजे,
चिकोडीच्या दवाखान्यात नवीच आलेली साताऱ्याची डॉक्टर,
आणि कुणीतरी या म्हणालं म्हणून आलेले
सदलग्याचे लगमण्णा अंबी, चपला दाराबाहेर काढून.

बावीस वर्षं मी मदत वाटते.
माणशी तांदूळ किती, क्लोरीनच्या गोळ्या किती,
ताडपत्री किती फुटांची असली म्हणजे
भांडलेल्या जावाही तिच्याखाली मावतात,
हे मला झोपेत विचारा.
पूर ओसरला की वही लिहायला घेते.
शेवटच्या नोंदीनंतरचं कोरं पान
हेच मला आजवर भविष्य वाटत आलं होतं.

"खुणा शोधा," मॅडम म्हणाल्या, "बारीक.
आज कुणी ढुंकून बघत नाही अशा."
डॉक्टरनं लिहिलं: सर्पदंश आता माघातही.
मी लिहिलं: गेल्या पुरात छावणीत पहिला माणूस आला,
त्यानं भाकरीआधी चार्जर मागितला.
भरमाप्पांनी बराच वेळ घेतला. मग लिहिलं:
धरणातनं पाणी सोडल्याचा मेसेज कन्नडात येतो,
आमच्या गल्लीत म्हाताऱ्यांना तो नातवंडं वाचून दाखवायची.
नातवंडं पुण्याला गेली.

लगमण्णांनी पेन हातात घेतलंच नाही.
"पूल झाल्यापासनं," ते म्हणाले,
"आमच्यात पोरांस्नी नाव शिकवत न्हाईत.
दूधगंगेवर वल्हं धरणारी आता चौघं.
त्यात मीच धाकटा. एकसष्ट."

पंखा फिरत होता. एकसष्टात वीस
मी मनातच मिळवले.

माझ्या गोदामात बारा फायबर बोटी आहेत,
प्रत्येकीवर देणाऱ्याचं नाव, उद्घाटनाचा फोटो फायलीत.
दरसाल मे महिन्यात मोजते.
चालवणार कोण,
असा रकाना त्या वहीत नव्हता.

दुपारी त्या सालच्या वर्तमानपत्राचा मथळा लिहायचा होता.
तो कुठल्या भाषेत, यावरच अर्धा तास गेला.
चहा आला, गार झाला.
संध्याकाळी आमचा मोठा कागद गुंडाळून
मॅडम बेळगावच्या गाडीनं निघाल्या.
अहवाल येईल म्हणाल्या. येईलही.

रविवारी मी आणि डॉक्टर सदलग्याला गेलो.
नदी उन्हाळ्यातली, म्हशीच्या पोटाला लागेल एवढी.
नाव पुढं जाईना, नुसती गोल फिरे.
लगमण्णा काठावरून ओरडत होते,
निधान! निधान!
कन्नडात म्हणजे सावकाश.
डॉक्टरला वाटलं, म्हाताऱ्याला ठेवा सापडला.
ती वल्हं टाकून मागं बघायला वळली
आणि आम्ही दोघी पाण्यात.

रात्री, ओल्या बोटांनी,
वहीत एक रकाना आखला. रेघ वाकडी आली.
बोटी: बारा.
चालवणारे: चार.
त्यापुढं, जरा विचार करून, पेन्सिलीनं:
आणि दोघी, अर्ध्या अर्ध्या.