शेवंती उर्फ

किल्ला कोर्टाच्या मागच्या गल्लीत
छत्रीखाली प्रतिज्ञापत्रं टाइप करते मी, एकोणीस वर्षं.
‘अनसूया व अनुसया ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून
ती व्यक्ती मीच आहे.’
एक उकार घर चुकतो,
माणूस स्टॅम्पपेपर घेऊन उन्हात उभा.

संध्याकाळी नायगावच्या कामगार केंद्रात क्लास.
शिकवतो मुकादमांचा तन्वीर, वय बावीस.
त्याला सर म्हणताना माझी जीभ अडखळते,
मला मॅडम म्हणताना त्याची.

म्हणाला, मशीनला अक्षर दिसत नाही, नंबर दिसतो.
व म्हणजे २३५७. श म्हणजे २३५८.
म्हटलं, शेजारीच की.
आणि ळ?
शाळेच्या तक्त्यात ह च्या पलीकडे, पार टोकाला,
इथे ल च्या भिंतीला भिंत.
ही खोली त्याला कुणी दिली
तन्वीरलाही माहीत नाही.

मोजणी शून्यापासून. पहिल्याचा नंबर शून्य.
पोरं गोंधळली.
मी म्हटलं, तळमजला.

मग नावाची लांबी काढा.
मी बोटांवर धरली तीन: शे, वं, ती.
पडद्यावर सहा.
मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, वेलांटी वेगळी,
प्रत्येकीचं स्वतंत्र रेशनकार्ड.

पाचवा सराव, नाव उलटं छापा.
बाजूच्या पोरानं इंग्रजीत केलं, सुटला.
मी मराठीत लिहिलं. चार ओळी. एंटर.

◌ीतंवेश

तंवेश! कुणी पुरुष.
कुर्ल्याला राहत असेल, विजेचं मीटर वाचत असेल.
आणि त्याच्या दारात माझी वेलांटी,
टिंबाटिंबांच्या एका गोलाला धरून.
हा गोल कसला?
रिकामी जागा, तन्वीर म्हणाला,
वेलांटीला टेकायला अक्षर लागतं,
नसलं की मशीन हा देते.

मशीन देते.
बाबा गेल्यावर खोली नावावर करायला
आई सात वर्षं हिंडली,
तिला टेकायला एवढंसुद्धा कुणी दिलं नव्हतं.

दोन दिवस गेले.
कुणाच्या तरी बाद अर्जाच्या पाठीवर
शाईच्या पॅडशेजारी लिहीत बसले:
पुढचा नंबर मात्रेचा, टिंबाचा
किंवा पाय मोडायच्या खुणेचा असेल
तर त्याला मागच्याबरोबर उचल.
एकट्याला नको.

गुरुवारी चालवलं.

तीवंशे

उलटं, पण कुणी पडलं नाही.

तन्वीर म्हणाला, जोडाक्षर आलं की मोडेल, मॅडम.
माझंच नाव घाला.
घातलं.

रवीन्त

अर्धा न, इतकी वर्षं व च्या खांद्यावर,
आता त च्या गळ्यात.
वाचायला मात्र छान. पत्रिकेत शोभेल असं.
तो बघतच राहिला पडद्याकडे,
बारशाला उशिरा पोचल्यासारखा.

म्हटलं, सर, प्रतिज्ञापत्र मी करून देते.
स्टॅम्पपेपर तेवढा तुमचा.