इतिवृत्त कायम करणे

सेलू तालुका मोटार रिवायंडिंग कारागीर संघटना.
मासिक सभा, खाजाभाईंच्या दुकानामागचं पत्र्याचं शेड.
अक्षर बरं म्हणून मी सचिव.
अकरा वर्षं लिहितोय:
हजर किती, चहाचे किती, तांबं कितीला गेलं.

श्रावणातल्या सभेला दैवशाला सोनटक्के पहिल्यांदा आली.
बोटांना वार्निशचा तोच वास
जो आमच्या बोटांना, भाकरी मोडतानाही न जाणारा.
उभी राहून म्हणाली,
सध्या येणाऱ्या तारेचं इनॅमल पातळ आहे,
मोजून घेतल्याशिवाय भरू नका.
मुंजाजी रेंगे मागच्या रांगेतून काहीतरी बोलला.
मी लिहिलं: (हशा).

भाद्रपदात ती बोलून बसताना
खुर्ची होती तिथं नव्हती.
मी लिहिलं: (हशा).

कार्तिकापर्यंत तिचा नंबर कुणी कुणाला दिला
कोण जाणे. रात्री अकराला फोन,
मोटार जळाली म्हणून, आणि मग मोटारीचं सोडून सगळं.
हे मला माहीत होतं.
आमच्या रजिस्टरात त्याचा रकाना नाही.

मार्गशीर्ष: अनुपस्थित.
पौष: अनुपस्थित.
माझ्या त्याच वळणदार अक्षरात.

हरभऱ्याच्या पाण्याच्या दिवसांत
मीच भरलेल्या सात मोटारी परत आल्या, काळ्या.
एक उकलून बसलो दिव्याखाली.
गाळ्यात वेढ्यावर वेढा, वेढ्याला वेढा चिकटलेला,
इतके जवळ की मध्ये सुई जाणार नाही,
आणि तरी चालतात वर्षानुवर्षं,
मध्ये तेवढा एक पापुद्रा असतो म्हणून.
एका जागी तो गेला होता. तिळाएवढा.
मला वाटायचं, इन्सुलेशन म्हणजे दूर ठेवणं.
तीस वर्षं हेच काम करतोय मी.

पाथरी रोडला तिच्या दुकानात गेलो.
ती गाळ्यात बांबूची पट्टी ठोकत होती,
हातोडी थांबली नाही.
म्हटलं, सभेला येत जा, मी सांगतो सगळ्यांना.
म्हणाली, काका, सांगू नका काही.
श्रावणातलं पान काढा आणि बघा,
तारेचं मी बोलले ते लिवलंय का.

लिहिलं नव्हतं.
हसणं लिहिलं होतं, कंसात, नीट.

माघातली सभा. विषय क्रमांक एक:
मागील इतिवृत्त वाचून कायम करणे.
दरवेळी आम्ही 'कायम, कायम' म्हणतो
आणि चहाकडं बघतो.
यावेळी मी वाचलं. श्रावणापासून.
कंस आला तेव्हा कंस उघडला
आणि मुंजाजीचं वाक्य म्हणून दाखवलं, जसंच्या तसं.
(इथं पुन्हा लिहीत नाही.)
एकजण हसला. एकटाच. मग तोही थांबला.
पत्रा तापून कडकड वाजायला लागला होता.

"आरं मस्करी व्हती ती," मुंजाजी म्हणाला.
खाजाभाईंनी कप खाली ठेवला.
"मग आता काहून हसना गेलास?"

माझा आवाज भाद्रपदाशी येऊन बसला.
खुर्ची कुणी ओढली ते मला दिसलं होतं.
नाव घेतलं. ज्याचं घेतलं तो माझा मेहुणा.
तो उठून गेला, चप्पल घालायचंही विसरला.
नंतर महिनाभर घरात
माझ्याशी कुणी धड बोललं नाही, ते वेगळं.

फाल्गुनात ती आली. मायक्रोमीटर घेऊन.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं.
तार मोजली, आकडा सांगितला.
मुंजाजीनं मान वर न करता विचारलं,
"पुन्हा सांगा, किती म्हणालात?"
तिनं पुन्हा सांगितला. त्यानं हातावर लिहून घेतला.
मी रजिस्टरात.

जुन्या पानावरचा 'हशा' मी खोडला नाही.
समासात, बारीक अक्षरात, एवढंच वाढवलं:
हसणाऱ्यांत सचिव होते.
खाली सही. तारीख.
ते कायम करायला अजून कुणी हात वर केलेला नाही.